किगुनाकवरची शेवटची कोल्हीण

माझ्या मामाने, अगाफोनने, एक कोल्हीण मारली, आणि तिच्यापायी तीन वर्षं सरकारी कचेरीची पत्रं आमच्या घरी येत राहिली. पत्रं वाचायचं काम माझ्याकडे. उत्तरेच्या थंड समुद्रकाठच्या उदाख गावातला दवाखाना मी सांभाळते, त्यामुळे लांबलचक कागदांची सवय मलाच आहे. त्यातल्या एकाही पत्रात घडलं ते नीट लिहिलेलं नाही, म्हणून मी सांगते.

किगुनाक बेट आमच्या गावापासून बोटीने सहा तास. वारा फिरला तर दोन दिवस. तिथे मुळात कोल्हे नव्हते. माझ्या पणजोबांनी, जखारने, ते बेट भाड्याने घेतलं आणि निळ्या कोल्ह्यांच्या अकरा जोड्या लाकडी पिंजऱ्यांत घालून जहाजाने नेऊन सोडल्या. तेव्हा निळ्या कोल्ह्याच्या कातड्याला मागणी असायची. त्या कातड्यांवर आमच्या चर्चचं छप्पर झालं, शाळेची शेगडी आली. कोल्ह्यांना खायला घालावं लागत नसे. कडे पक्ष्यांनी भरलेले होते आणि गवतात रानहंस अंडी घालायचे. वीस वर्षांत कडे रिकामे झाले, हंस यायचे थांबले. मग लढाई आली, कातड्यांचा भाव पडला, सापळे लावायला तिकडे कोणी जाईना. कोल्हे तेवढे राहिले. किनाऱ्यावर समुद्र जे आणून टाकील ते खायचे, आणि एखादा चुकार पक्षी उतरलाच तर तोही.

कचेरीने ठरवलं की किगुनाकवर पुन्हा रानहंस आणायचे. त्यासाठी कोल्हे काढायचे, सगळे. दोन उन्हाळे त्यांनी शहरातली पोरं पाठवली. पोरांनी पायात अडकणारे लोखंडी सापळे लावले, दोनशेच्या वर कोल्हे मारले आणि समुद्रात फेकले. तरी दहा उरले. हे शेवटचे दहा त्यांना हाती लागेनात. तेव्हा कचेरीचा वेंडेल नावाचा माणूस आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चाळिशीचा, भुरक्या दाढीचा, सारखा वहीत काहीतरी लिहिणारा. माणूस वाईट नव्हता.

"उन्हाळ्यात कोल्हे धरतात का साहेब?" मामा म्हणाला. "उन्हाळ्यातलं कातडं म्हणजे जुनं पायपुसणं. हिवाळ्यात चला. बर्फावर पावलं दिसतात, भुकेने ते किनाऱ्यावर उतरतात."

"कातडी आम्हाला नकोतच," वेंडेल म्हणाला. "नियम असा आहे की मेलेलं जनावर मोजायचं आणि तिथेच टाकायचं. कोणालाही नेता येत नाही."

माझी आई, लुकेरिया, आंबवलेल्या पिठाचे आलादिक तळत होती. हातातला झारा तसाच घेऊन ती वळली. "मारायचं आणि फेकायचं? हे कुठल्या आईने शिकवलं तुम्हाला?"

"नियम आहे बाई."

"मग दुसरा माणूस बघा," मामा म्हणाला आणि चहात साखर ढवळत बसला.

दुसरा माणूस नव्हता. वेंडेलने कातड्यांकडे काणाडोळा करायचं तोंडी कबूल केलं आणि त्या हिवाळ्यात मामा किगुनाकला गेला. गावातल्या लोकांना विषयच मिळाला. "आज्याने नेऊन सोडले, आता नातू वेचतोय!" दुकानाच्या पायरीवर कोणीतरी म्हणालं. "अगाफोन, तुमच्या घराण्याला दुसरा धंदा नाही का रे?"

"आमच्या घराण्याचा उपद्व्याप आहे, आम्हीच निस्तरणार," मामा म्हणाला. "तुझ्या आज्याने काही करून ठेवलं असेल तर सांग, येताना तेही निस्तरून येतो."

त्याने नऊ कोल्हे मारले. सापळ्याने नाही, बंदुकीने, एकेका गोळीत. नऊ कातडी घरी आली आणि आईने ती आतल्या खोलीत ताणून वाळत घातली. दहावी एक कोल्हीण होती. तिच्या पुढच्या डाव्या पंजाची दोन बोटं गेलेली. आदल्या उन्हाळ्यात पोरांच्या सापळ्यात पाय अडकला तेव्हा तिने स्वतःच चावून तोडली होती. आता ती कुठल्याही लोखंडाच्या आसपास फिरकत नसे.

"मला ओळखते ती," मार्चमध्ये परत आल्यावर मामा म्हणाला. "मी जिथे बसतो तिथे नंतर येऊन मुतून जाते."

नेमकं तेव्हाच शहराच्या वर्तमानपत्रात एक फोटो छापून आला. सापळ्यात तडफडणारा कोल्हा आणि त्याच्या शेजारी दात काढून हसणारं एक पोर. गदारोळ झाला. प्राण्यांना वाचवणाऱ्या एका संस्थेने कचेरीला धारेवर धरलं. कचेरीने अब्रू वाचवायला कबूल केलं की शेवटची कोल्हीण जिवंत धरू आणि दक्षिणेला एका आश्रमात पाठवू. तिथे असे कोल्हे जाळीच्या मागे मरेपर्यंत सांभाळतात म्हणे.

तिला न्यायला त्या संस्थेकडून डॅफ्नी अॅशवर्थ आली. पंचावन्नची असेल, उंच, काटकुळी, लाल रेनकोट घातलेली. टपालाच्या विमानातून उतरली ती भलामोठा अॅल्युमिनियमचा पिंजरा स्वतः ओढत. कोणी हात लावायला गेलं तर म्हणाली, "नको, माझं ओझं मी नेते." मला ती तिथेच आवडली. हे मी मामाला बरेच दिवस सांगितलं नाही.

शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. डॅफ्नी उभी राहिली.

"कोल्हीण बेटावरून जायला हवी, मला मान्य आहे," ती म्हणाली. "पक्षी परत यायला हवेत, तेही मान्य. पण जायचं म्हणजे मरायचंच का? तिचा गुन्हा काय?"

"काही नाही," मामा म्हणाला. "गुन्हा असता तर सोपं होतं."

"मग?"

"मग काय! ती आमच्यामुळे तिथे आहे. तिच्या खापरपणज्यांना माझ्या आजोबाने पिंजऱ्यात घालून आणलं. आता हिला पुन्हा पिंजऱ्यात घालून जहाजावर चढवायचं? एकदा केलं तेवढं पुरे झालं. मी तिला तिच्या किनाऱ्यावर मारीन. तिला कळणारही नाही."

"म्हणजे जगवण्यापेक्षा मारणं बरं?"

तेव्हा आई उठली. ती सभांमध्ये कधी बोलत नाही.

"बाई, बेचाळीस साली आम्हालाही वाचवायला आले होते," आई म्हणाली. "लढाई जवळ आली म्हणून सरकारी जहाज आलं. उचला गाठोडी आणि चढा. मी अकरा वर्षांची होते, हा अगाफोन सहाचा. नेलं कुठे, तर झाडांच्या काळोखात, मासे डब्यांत भरायच्या बंद पडलेल्या कारखान्यात. तीन वर्षं ठेवलं. आमची धाकटी बहीण तिथे पुरली. आजी तिथे पुरली. गावातले सगळे म्हातारे गेले, त्यांच्याबरोबर त्यांची गाणीही गेली. वाचवलं हो आम्हाला."

डॅफ्नीचा चेहरा उतरला. मला वाटलं आता ती बसेल. पण नाही बसली.

"त्यांनी केलं ते वाईटच केलं," ती म्हणाली. "पण लुकेरियाबाई, तुम्ही जगलात. आज इथे उभ्या आहात. त्या जहाजाऐवजी कोणी तुम्हाला घराच्या दारात गोळी घातली असती, तर ते बरं झालं असतं का?"

आई तिच्याकडे बघत राहिली.

"मी परत आले," शेवटी आई म्हणाली. "तू तिला परत आणशील?"

डॅफ्नी खाली बसली. घरी जाताना आई मला म्हणाली, "बाई खोटं बोलली नाही. म्हणूनच राग आला."

वेंडेलने कचेरीचा हुकूम वाचून दाखवला : जिवंत धरायची. बोट फक्त मामाची चालू होती. मामा म्हणाला, "नेतो सगळ्यांना. पिंजरा बाईने लावायचा, मी हात लावणार नाही. माझी बंदूक माझ्याबरोबर येईल. ज्याला सापडेल त्याची." वेंडेलने डोक्याला हात लावला, पण बोटीत बसला. मामाच्या छातीत अधूनमधून कळ यायची, म्हणून आईने मला बरोबर धाडलं.

"ईस्टरच्या आत या," ती धक्क्यावरून ओरडली. "आणि कातडं झडायच्या आत!"

"आई!" मी म्हणाले. डॅफ्नी माझ्याशेजारीच बसली होती.

"काय आई? एप्रिल लागलाय. केस सुटतात एप्रिलात."

किगुनाकवर पणजोबांची लाकडी झोपडी अजून उभी आहे. पहिल्याच दिवशी मामा डॅफ्नीला उत्तरेच्या कड्याशी घेऊन गेला. मीही गेले. त्या कड्यात समुद्रपक्ष्यांनी खणलेली हजारो बिळं आहेत, हात घातला तर कोपरापर्यंत जातो. सगळी रिकामी. वाऱ्याशिवाय कसला आवाज नाही.

"माझी आजी सांगायची, इथे शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही," मामा म्हणाला. "एवढे पक्षी."

डॅफ्नीने एका बिळात हात घातला, काढला, बोटांवरची माती बघितली. "मला हे माहीत नाही असं समजू नका," ती म्हणाली. "मला दोन्ही बाजू माहीत आहेत. तेच तर अवघड आहे."

तिने ओढ्याजवळ पिंजरा लावला. आत आमिष म्हणून ब्रेडवर पीनट बटर फासून ठेवलं. मामा पोट धरून हसला. "सील खाऊन वाढलेली कोल्हीण आहे ती! तिला शाळेचा डबा देताय?"

तिसऱ्या दिवशी सकाळी कोल्हीण पिंजऱ्यात होती.

मी एवढ्या जवळून जिवंत निळा कोल्हा कधी पाहिला नव्हता. धुराच्या रंगाची, मांजरापेक्षा थोडी मोठी, पिवळे डोळे. ओरडत नव्हती. डॅफ्नी गुडघ्यांवर बसून रडत होती, हसत होती. मामा आला, बघितलं आणि सरपण फोडायला गेला. दुपारपर्यंत त्याने आठवड्याचं सरपण फोडलं.

त्याच दुपारी वारा फिरला. लाटा झोपडीच्या पायरीपर्यंत यायला लागल्या. बोट घालायचा प्रश्नच नव्हता. आणि कोल्हिणीने जाळी चावायला सुरुवात केली. दिवसभर चावत होती. थांबायची, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायची, पुन्हा चावायची. दुसऱ्या दिवशी जाळीवर रक्त होतं आणि खाली दाताचा तुकडा. डॅफ्नीने पिंजऱ्यावर गोधडी घातली, शेजारी बसून हळू आवाजात काहीबाही बोलत राहिली. खायला दिलेलं तसंच पडून होतं.

"झोपेचं काही आहे तुझ्याकडे?" तिने मला विचारलं. तिने स्वतः आणलेलं औषध बोटीत ओलं होऊन वाया गेलं होतं.

"माणसांचं आहे. हिला किती द्यायचं ते मला माहीत नाही. जास्त झालं तर उठणार नाही."

तिने मान हलवली. "मग नको. दात नीट करता येतात. तिकडे डॉक्टर आहेत चांगले. दोन महिन्यांत सवय होते त्यांना. खरंच होते, मी बघितलंय." ती मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे.

कोल्हीण सापडल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी डॅफ्नी थकून आत झोपली होती. वेंडेल रेडिओवर हवामान ऐकत होता. मी ओढ्यावर पातेलं घासत होते. मामाने चहाचा कप खाली ठेवला, पिंजऱ्याकडे चालत गेला, गोधडी काढली आणि कडी उचलली. मी बघितलं. मी ओरडू शकले असते. पातेल्यात वाळू होती, मी हात थांबवला आणि बघत राहिले. कोल्हीण आधी बाहेरच येईना. मामा चार पावलं मागे सरला आणि पाठ करून उभा राहिला. मग ती निघाली. पळाली नाही. तीन पायांवर जोर देत, गवतातून, चढावर.

डॅफ्नी अनवाणी धावत बाहेर आली.

"तुम्ही सोडलीत! मला धरता आली आणि तुम्हाला आली नाही, म्हणून सोडलीत!"

"हो," मामा म्हणाला. "तेही आहे."

याची तिला अपेक्षा नव्हती. "आणि दुसरं काय?"

"पिंजऱ्यातल्या जनावराला गोळी घालायची मला लाज वाटते. आणि दात पडेस्तोवर जाळी चावणाऱ्या जनावराकडे बघत बसायचीही लाज वाटते. आता ती मोकळी आहे, मी मोकळा आहे. निसटली तर निसटली."

"निसटली तर निसटली?" वेंडेल किंचाळला. त्याला मी पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं. "अगाफोन, आठ-दहा दिवसांत रानहंस येतील! दोन वर्षं मेहनत केलीय आम्ही!"

"मग आठ-दहा दिवस आहेत," मामा म्हणाला आणि बंदूक पुसायला बसला.

डॅफ्नी आत गेली, बूट घालून बाहेर आली. माझ्या हातातलं पातेलं तिने घेतलं, पळी घेतली. "तुम्ही जिथे दबा धरून बसाल तिथे मी हे वाजवत येईन," ती मामाला म्हणाली. "बघू कशी येते ती तुमच्या समोर."

मामाने वर बघितलं. कोल्हीण सापडल्यापासून पहिल्यांदा तो मोकळेपणाने हसला. "वाजवा बाई. थंडीत हात गरम राहतील."

आणि तिने खरंच वाजवलं. आठ दिवस! दक्षिणेच्या किनाऱ्यावर एक मेलेला सी-लायन वाहून आला होता. तो खायला कोल्हीण येणारच, म्हणून मामा वाऱ्याच्या उलट बाजूला दगडांत बसायचा. अर्ध्या तासात टेकडीवरून लाल रेनकोट यायचा आणि ठण् ठण् सुरू. मामाने जागा बदलली, तिने शोधून काढली. तो पहाटे निघाला, ती त्याच्याआधी उठून बसली. एकदा तो पोटावर सरपटत पाऊण तास गेला आणि वर बघतो तर बाई दगडावर पाय हलवत बसलेली. "तुमचे गुडघे कुरकुरतात," ती म्हणाली. "दुरून ऐकू येतं."

संध्याकाळी चौघं एकाच शेगडीभोवती जेवायचो. मामा वाळवलेल्या सामन माशाचा पोटाकडचा तेलकट तुकडा तिच्या ताटलीत टाकायचा. "खा. उद्या वाजवायला जोर लागेल." ती खायची, वर सीलचं तेलही मागून घ्यायची. एकदा तिने त्याला विचारलं, "हंस आले नाहीत तर? एवढं सगळं मारून ते आलेच नाहीत तर?"

"तर मी चुकलो," मामा म्हणाला. "आणि आश्रमात तुमची कोल्हीण जाळीला डोकं आपटून मेली असती तर?"

"तर मी चुकले असते."

वेंडेलने हे वहीत लिहिलं की नाही माहीत नाही. लिहायला हवं होतं.

त्या आठ दिवसांत मी आणखी एक गोष्ट बघितली. डॅफ्नी रोज वाजवून झाल्यावर जवळच्या एखाद्या दगडावर पीनट बटर लावलेला ब्रेड ठेवायची. दुसऱ्या दिवशी तो गेलेला असायचा.

"ती तुम्हाला ओळखायला लागेल," मी म्हणाले.

"लागू दे की. कोणीतरी एक माणूस तिला चांगलं म्हणून ओळखू दे."

नवव्या दिवशी हंस आले. आधी आवाज आला. कुत्री लांबून भुंकावीत तसा, ढगांच्या वरून. मग एक जोडी खाली उतरली, ओढ्याच्या वरच्या गवतात. वेंडेल तोंडावर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मामाने टोपी काढली. त्याने आयुष्यात किगुनाकवर हंस पाहिला नव्हता.

कोल्हीणही बघत होती. मला ती आधी दिसली नाही, मामाला दिसली. जमिनीला पोट टेकून, वाळलेल्या गवतातून, हंसांच्या दिशेने. मामा हळूच खाली बसला. अंतर खूप होतं आणि ती चालती होती. चालत्या जनावरावर मामा कधी गोळी झाडत नाही. पलीकडच्या उंचवट्यावर डॅफ्नी उभी होती, हातात पातेलं. तिथून तिला सगळं दिसत होतं : हंस, कोल्हीण, मामा.

तिने पातेलं वाजवलं.

हंस उडाले. आणि कोल्हीण पळाली नाही. ती थांबली, उभी राहिली आणि मान वळवून त्या ओळखीच्या आवाजाकडे बघायला लागली, कान ताठ करून. एवढाच वेळ मामाला हवा होता.

एकच गोळी. ती जागीच बसली.

आम्ही पोचलो तेव्हा डॅफ्नी तिच्याजवळ होती. हातात अजून पळी. "माझ्याकडे बघत होती ती," ती म्हणाली. मामाने वाकून कोल्हिणीच्या तोंडात ओढ्याचं थोडं पाणी ओतलं, आमच्यात मारलेल्या जनावराला शेवटचं पाणी देतात तसं, आणि डोळ्यांवरून हात फिरवला. मग तो तिथेच बसून सोलायला लागला. डॅफ्नी निघून जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही. समोर बसून सगळं बघितलं. तुटक्या बोटांचा पंजा आला तेव्हा तिने तो हातात धरून ठेवला, म्हणजे मामाला सुरी नीट चालवता यावी.

"मी तुम्हाला माफ करणार नाही," ती म्हणाली.

"मागितली कुठे?" मामा म्हणाला. "मी स्वतःलाही करत नाहीये. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन."

"मीही," डॅफ्नी म्हणाली.

आम्ही शनिवारी गावात पोचलो आणि त्याच रात्री ईस्टरची प्रार्थना होती. टपालाचं विमान मंगळवारशिवाय नव्हतं, म्हणून डॅफ्नी आमच्याकडे राहिली. आईने तिला ईस्टरचं लाल रंगवलेलं अंडं दिलं, गोड पाव कापून दिला, पण कोल्हिणीचा विषय काढला नाही. सोमवारी डॅफ्नीनेच काढला. आईला विचारलं, कातड्याचं काय करणार. आई म्हणाली, टोपी. डॅफ्नी म्हणाली, "फेकू नका म्हणजे झालं." दोघी नंतर बराच वेळ भांडी घासत होत्या आणि दुसऱ्याच कशावर तरी बोलत होत्या, पावात वेलची किती घालायची असं काहीतरी.

मग पत्रं सुरू झाली. पहिल्या पत्रात मामाचं काम काढून घेतलं होतं. दुसऱ्यात जाणूनबुजून कोल्हीण सोडल्याबद्दल ताकीद. तिसऱ्यात लिहिलं होतं की दहाही कातडी सरकारची मालमत्ता आहेत, ती तीस दिवसांत परत करावीत. आईने ते मला दोनदा वाचायला लावलं. पुढच्या महिन्यात कचेरीचा कोणी मोठा साहेब गावात आला, तेव्हा ती निळी टोपी घालून सभेत पहिल्या रांगेत बसली. हॉलमध्ये शेगडी धडधडत होती, आईच्या कपाळावरून घाम गळत होता.

"बाई, ते कातडं..." साहेब म्हणाला.

"हो, हेच ते," आई म्हणाली. "काढून घ्या की माझ्या डोक्यावरून. या, सगळ्यांसमोर घ्या."

साहेबाने पुढचा विषय घेतला. पण पत्रं थांबली नाहीत, तिसऱ्या वर्षापर्यंत येत राहिली. आईने एकाचंही उत्तर लिहू दिलं नाही.

डॅफ्नी मात्र गप्प बसली नाही. तिने कचेरीविरुद्ध दोन वर्षं भांडून उन्हाळ्यातले लोखंडी सापळे बंद करायला लावले. पोरं पाठवणंही थांबलं. मला तिची पत्रं यायची, मामाला कधीच नाही. त्यात ती एकच गोष्ट विचारायची : यंदा किती घरटी? पहिल्या वर्षी एक, पाच अंड्यांचं. चौथ्या वर्षी एकतीस. कड्यातली बिळं अजून रिकामी आहेत, त्याला वेळ लागेल असं वेंडेल म्हणतो.

गेल्या शरदात वेंडेल पुन्हा आमच्या स्वयंपाकघरात आला. पश्चिमेचं एक बेट, किगुनाकच्या तिप्पट, चारशे कोल्हे. दाढी पिकली होती त्याची. हिवाळ्यात काम, फक्त बंदूक, कातडी गावाची. या वेळी हे सगळं त्याने आधीच कागदावर लिहून आणलं होतं.

मामाने मला ते मोठ्याने वाचायला लावलं. "आणखी एक लिही," तो म्हणाला. "त्या बाईला बोलवा. ती बेटावर माझ्याबरोबर राहील, जेवेल, आणि तिला जे करायचं ते करेल."

"अगाफोन, ती तुम्हाला एक कोल्हा सुखाने मारू देणार नाही!"

"म्हणूनच. चारशे जीव आहेत. त्यांच्या बाजूने भांडायला कोणी नसेल तर मी बंदूक उचलणार नाही. सुखाने मारायचे असतील तर तुमची पोरं पाठवा."

वेंडेलने मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटत ते लिहून घेतलं. डॅफ्नी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली, गुडघ्यापर्यंतचे नवे बूट घालून. धक्क्यावर तिने मामाशी हात मिळवला नाही. बोटीत मात्र त्याच्या समोरच बसली. मी धक्क्यावरून दोर सोडला. बोट खाडीच्या तोंडाशी पोचायच्या आतच दोघांचं जुंपलेलं मला इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येत होतं.